मूठभर खिम्याची वाटी

आखाडातला शेवटचा रविवार होता आणि हौसाच्या घरी आलेला खिमा जेमतेम मूठभर होता. आता श्रावण लागणार, म्हणून त्या दिवशी घराघरातून मसाल्याचा खमंग वास सुटायचा आणि शेजारीपाजारी वाट्या जायच्या. मागच्या रविवारी भागाकाकूंची वाटी हौसाकडे आली होती. आता ती भरून परत करायची, रिकामी नाही. गावचा रिवाजच होता तसा!

दहा वर्षांच्या हौसाला आई नव्हती. बाबा दिवसभर खाणीवर दगड फोडायचे. धाकट्या ठकीचे गाल पिवळट पडले होते. चार पावलं टाकली की ती मटकन खाली बसायची. “हिच्या पोटात भाजी जाऊ दे गं,” असं वैद्यबाई बजावून गेल्या होत्या. पण भाजी दिसली की ठकीबाई ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. त्यांना हवा फक्त खिमा!

हौसा परसात गेली आणि दुधीच्या वेलाखाली बसून मुसमुसू लागली. सांज होत होती. दुधीची पांढरीशुभ्र फुलं हळूच उमलली, आणि त्यातल्या एका फुलातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. इवलेसे हिरवे पंख, केशरी झगा, आणि सगळी कशी लुकलुकणारी!

“का गं रडतेस, सोनुले?”

“परीताई, खिमा पुरत नाही आणि ठकी भाजी खात नाही.”

परीने तिच्या तळहातावर सोनेरी परागांची चिमूट ठेवली. “ही घाल, म्हणजे भाजीला खिम्याची चव येईल. पण अट ऐक. कुणी विचारलं तर खरं सांगायचं. खोटं बोललीस, तर घास न् घास कडू होईल.”

हौसाने दुधी किसला, लाल भोपळा उकडून कुस्करला, चवळीची कोवळी पानं बारीक चिरली. सगळं खिम्यात रटरटू दिलं आणि वर चिमूट सोडली. कढई झगमगली! ठकीने एक घास खाल्ला, मग दुसरा. हौसाचा जीव भांड्यात पडला.

ती वाटी घेऊन भागाकाकूंकडे गेली. तिथे जावई आणि लेक जेवायला बसले होते, जरीची टोपी आणि नवं लुगडं लेवून.

“वास काय सुटलाय! काय काय घातलंस गं?” काकूंनी विचारलं.

हौसाने आपल्या फाटक्या परकराकडे पाहिलं. तिचे कान तापले. “निव्वळ खिमा, काकू,” ती पुटपुटली आणि धूम पळाली.

घरी ठकी ताट ढकलून रडत होती. “ताई, कडू! मला नको!”

हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाजेपायी तिने बहिणीच्या तोंडचा घास घालवला होता. तिने ठकीला कडेवर घेतलं आणि तशीच परत निघाली.

काकूंकडे सगळे तोंडं वाकडी करून पाणी पीत होते. कुणी तिला काही विचारलं नाही. गुपचूप परत फिरता आलं असतं. पण ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “काकू, मी खोटं बोलले. खिमा मूठभरच होता. बाकी दुधी, भोपळा न् चवळीचा पाला. मला लाज वाटली हो.”

वाटी हळूच झगमगली. काकूंनी बोट बुडवून चाखलं, आणि त्यांचाच चेहरा लालबुंद झाला.

“गोड लागतंय की! आणि ऐक पोरी, मागच्या रविवारी मी पाठवलेल्या वाटीत निम्मा बटाटा होता. मी तरी कुठे सांगितलं?”

जावईबापू खो खो हसले. तेवढ्यात कडेवरून एक काडीसारखा हात वाटीत गेला.

“दुधी असा लागतो होय?” ठकी बोटं चाटत म्हणाली. “ताई, आणखी दे!”

खिडकीत परी उभी होती. “चिमूट संपली, हौसा. आता ही चव तुझ्या हातातच राहील,” ती म्हणाली, आणि सोनेरी उजेडाचा एक झोत उठून ती त्यात विरून गेली.

त्या वेलाला पुढे बारा महिने दुधी लागले. ठकी अंगणभर पळू लागली. जेवायला बसली की ती आधी विचारायची, “ताई, आज काय काय लपवलंयस?” हौसा मान वर करून सगळं सांगायची, आणि मगच वाढायची.