यिर्मयाबाबांचा अर्धा उपदेश

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे तुमच्या पणजोबांचे दुधाचे दात पडायचे होते तेव्हाची ही हकीकत. तीत खरं किती आणि वाढवलेलं किती, ते मला विचारू नका. मी ऐकली तशी सांगतो, आणि जिथे मला गोडी वाटते तिथे जरा जास्त रेंगाळतो.

खैरी नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून पाच गावं होती आणि पाचही गावांत ख्रिस्ती मंडळी होती. मंडळी म्हणजे काय, तर पाच-दहा घरं, कुडाचं एक प्रार्थनाघर आणि दारातल्या कडुनिंबाला टांगलेला नांगराचा जुना फाळ. फाळ वाजला की उपासनेला जमायचं. पण पाच गावांना मिळून पाळक एकच, यिर्मयाबाबा. नाव रडणाऱ्या संदेष्ट्याचं आणि माणूस असा हसरा, की ते हसले की झाडावरचे पोपट उडायचे, असं म्हणतात.

बाबा तट्टावर बसून एका रविवारी या गावाला, तर पुढल्या रविवारी त्या गावाला जायचे. ते येईपर्यंत बाकीच्या गावांत सगळं खोळंबून राहायचं. काही बाळं तर बाप्तिस्म्याला आपल्या पायांनी चालत यायची. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायलाही कुणी धजत नसे. "बाबा येऊ द्या," असं म्हणायचं आणि हातावर हात ठेवून बसायचं.

एकदा बाबा बोरखेडीला पोचले, तर आदल्या दिवशी वारलेला एक म्हातारा अजून घरातच होता. माती द्यायला बाबा हवेत म्हणून कुणी त्याला उचललंच नव्हतं. त्याची म्हातारी दारात बसून बाबांची वाट बघत होती. त्या दिवशी बाबा हसले नाहीत. माती देऊन झाल्यावर त्यांनी सगळ्यांना विचारलं, "आणि मी गेल्यावर तुम्ही काय करणार?"

लोक म्हणाले, "असं अभद्र बोलू नका, बाबा."

बाबांना फार वाईट वाटलं. आपण डोळे मिटायच्या आत प्रत्येक गावाला गावातलंच माणूस तयार झालं पाहिजे, हा एकच ध्यास त्यांनी घेतला. गावोगावी झाडाखाली बसून ते शिकवायला लागले. वाचता येणाऱ्यांना वाचून दाखवायचे, न येणाऱ्यांकडून पाठ करून घ्यायचे. सगळे जीव लावून शिकले. इतकं, की बोरखेडीचा शमुवेल पहिल्यांदा उपदेशाला उभा राहिला तेव्हा "प्रियजनहो" म्हणाला आणि खाकरला, हुबेहूब बाबांसारखा. बाबांना जुना खोकला होता आणि ते नेमके त्याच शब्दानंतर खाकरायचे. दुसऱ्या गावात दुसरा उभा राहिला, तोही खाकरला. तिसरा तर खाकरला आणि वर छातीला हातही लावला! लोकांनी डोळे मिटून "आमेन" म्हटलं.

बाबा घरी जाऊन पोट धरून हसले. मग मात्र विचारात पडले. हे सगळे आपल्यासारखं बोलायला शिकताहेत, स्वतःचं कधी बोलणार?

त्या रविवारपासून बाबांनी एक नवंच काढलं. उपदेश रंगात आला की ते अर्ध्यावर थांबायचे आणि सरळ खाली चटईवर जाऊन बसायचे. "उरलेला तुमच्यातल्या कुणीतरी पुरा करा." शेवट त्यांनी सांगितलेलाच नसायचा, तेव्हा नक्कल कशाची करणार? पहिले काही रविवार नुसती चुळबूळ. मग एकदा शमुवेल उठला. तो विहिरी बांधायचा. त्याने उपदेश पुरा केला तो पार विहिरीच्या तळाशी नेऊन, आणि एकदाही खाकरला नाही. हळूहळू दुसऱ्या गावांतही एकेक जण उठायला लागला.

पण कुंभेवाडीत कुणी उठेना. कारण तिथे राहेलआत्या होती. राहेलआत्या म्हणजे शेळ्या राखणारी विधवा बाई. तिच्या हाकेने टेकडीपलीकडची शेळी मागे फिरायची, असं म्हणतात. जो उठेल त्याच्या चुका ती बसल्या जागेवरून काढायची. शास्त्र तिला तोंडपाठ, पण स्वतः म्हणून उभी राहायची नाही.

ती बाबांनाच झापायची. "दळण अर्ध्यात टाकून कुनी उठतं का, बाबा?"

"उरलेलं तू दळ," बाबा म्हणायचे.

"म्या? शेळ्यांमागं फिरनारी बाई?"

"येशू जन्मला तेव्हा मेंढरांमागं फिरणाऱ्यांनाच देवदूत आधी भेटले, आत्या." यावर ती पदर झटकून घरी जायची.

आणि मग सलोमीचं लग्न ठरलं. सलोमी आत्याची भाची, आत्यानेच वाढवलेली. नवरदेव दानिएल पलटणीत शिपाई होता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्याला हजर व्हायचं होतं, आणि तिथून समुद्रापार लढाईवर. आज लग्न लागलं नाही तर पुन्हा कधी लागेल, लागेल की नाही, कुणाला ठाऊक! मांडव पडला, हळद लागली, भात शिजला आणि डोंगरात कुठेतरी ढग फुटून खैरीला पूर आला. बाबा पलीकडच्या तीरावर अडकले.

अख्खं वऱ्हाड नदीवर आलं. मध्ये लाल पाणी घोंघावत होतं. पलीकडे बाबा तट्टावरून उतरले, एका खडकावर चढले आणि तिथूनच त्यांनी लग्न लावायला सुरुवात केली. म्हाताऱ्या माणसाचा तो आवाज, पण पुरावरून अलीकडे स्पष्ट ऐकू आला, असं म्हणतात.

"देवाने माणूस घडवला. पण पाहिलं, तर एकटं राहणं काही त्याला बरं नाही."

एवढं बोलले आणि बाबा खडकावर खाली बसले.

"बाबा, पुढं?" लोक ओरडले. बाबांनी नुसतं बोट दाखवलं, ते सरळ राहेलआत्याकडे. आत्याने नाही म्हणून मान हलवली. बाबांचं बोट हललं नाही. सलोमी रडायला लागली. आत्याने एकदा त्या पोरीच्या हळदीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर खोचून ती पुढे आली.

"एकटं ऱ्हानं बरं न्हाईच," ती म्हणाली. "मला इचारा. म्या रातच्याला शेळीसंगं बोलते. तवा तुमी दोघं ऐका. भांडा, खुशाल भांडा, पर एकमेकाचं ताट वाढल्याबिगर निजू नका. दानिएल, तू लढाईवर गेलास तरी ही रोज तुजं ताट वाढंल. तूबी तुज्या भाकरीतला पयला तुकडा हिच्या नावानं मोड. देवबापानं तुमचं लगीन लावलंय, म्या निसती उभी हाय. म्हना आमेन."

असं म्हणतात, की ती बोलत असताना खैरीचं पाणी गप्प झालं, म्हणून पलीकडे बाबांना शब्दन् शब्द ऐकू गेला. बाबांना इतका आनंद झाला, की त्यांनी डोक्याचा फेटा काढून हवेत उडवला. तो पडला पुरात. आणि पुराने तो खाली वाहून न नेता आडवा, थेट राहेलआत्याच्या पायाशी आणून टाकला. आत्याने तो पिळला आणि आपल्याच डोक्याला गुंडाळून वऱ्हाडाला जेवायला बसवलं.

पुढे मोठ्या देवळातून, म्हणजे मुख्य चर्चमधून, दोन वडीलधारे कारभारी चौकशीला आले. या बाईला अधिकार कुणी दिला, असं त्यांनी विचारलं. "नदीने," बाबा म्हणाले. "मी तर पलीकडे होतो." दानिएल लढाईवरून सुखरूप परतला. परतला त्या संध्याकाळी त्याचं ताट वाढलेलंच होतं.

त्यानंतरच्या नाताळात पाचही गावांतल्या लोकांनी शपथेवर सांगितलं, की बाबा सकाळच्या उपासनेला आमच्याच गावात होते. एकाच वेळी पाच ठिकाणी! बाबा म्हणायचे, "अरे, मी घरी खाटेवर गुडघे शेकत पडलो होतो." कुणी विश्वास ठेवला नाही, आणि मीही ठेवत नाही. बाबा गेले तेव्हा फाळ पाचही गावांत वाजला, आणि माती द्यायला कुणालाही कुणाची वाट बघावी लागली नाही.

आजही खैरीकाठी लग्न लागतं तेव्हा पाळक अर्धंच बोलून खाली बसतात. त्याला 'बाबांचं अर्धं' म्हणतात. उरलेलं मांडवातलं कुणीही उठून पुरं करतं, आणि पुढे पाळक होणारे सगळे असेच आधी मांडवात उठलेले असतात. मध्ये एकदा शहरातून एक नवा तरुण पाळक पाहुणा म्हणून आला होता. त्याला हे ठाऊक नव्हतं. तो बोलत सुटला. शेवटी पुढच्या रांगेतली एक म्हातारी मायेने म्हणाली, "बाळा, तुजं अर्धं झालं. आता बस."

तो बिचारा ओशाळून बसला आणि त्याने वळून पाहिलं. बोलायला निम्मा मांडव उभा होता.