जोडीदाराची गिटार

गोष्टी सांगायची मला हौस नाही. चौथीत शाळा सुटली माझी. पण वाचनालयाच्या मंडळींना दर बुधवारी काहीतरी बोधपर लागतं, आणि शिकलेला वक्ता आजारी पडला की माझी आठवण होते. बोलावलंत ना, मग ऐका. मध्ये खोकू नका.

एकदा एक वृद्ध वादक होता. हवाईयन गिटार वाजवायचा. ही गिटार मांडीवर आडवी घेतात आणि तारा बोटांनी दाबत नाहीत, डाव्या हातातली पोलादी कांडी वरून सरकवतात. तो जॅझ वाजवायचा. त्यात ठरलेली चाल थोडी, बाकी सगळं तिथल्या तिथे सुचेल ते. पस्तीस वर्षं त्याच्यासमोर बसून एक जोडीदार दुसरी गिटार वाजवत असे. एकाने विचारावं, दुसऱ्याने उत्तर द्यावं, असं त्यांचं चाले. जोडीदार वारला. म्हाताऱ्याने त्याची गिटार त्याच्याच खुर्चीवर ठेवली आणि रोज सकाळी तिच्या तारा सुरात लावू लागला. लोक म्हणाले, डोकं फिरलं. लोकांना दुसरा उद्योग नसतो.

त्याच्याकडे एक शिष्य आला. पोस्टातली कायमची नोकरी सोडून आला होता. त्यापायी बायकोने बोलणं टाकलं होतं. त्याला एकच हवं होतं, जोडीदाराची ती जागा. म्हातारा म्हणाला, "फाल्गुन संपेपर्यंत बघू. नाही जमलं तर मी गिटारी गुंडाळून ठेवीन. तू जा परत टपाल वाटायला."

शिष्य विद्वान होता. कुठल्या कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीवर, कुठले सूर चालतात, कुठून कुठे जाता येतं, सगळं मुखोद्गत. वाजवायला बसला की एक तुकडा संपायच्या आत दुसरा सुरू. सुई घालायला फट नाही. आणि चूक शोधून सापडायची नाही.

तरी रोज एक विचित्र प्रकार घडे. वाजवणं ऐन रंगात आलं की म्हातारा हात पुढे करून त्याच्या हातातली कांडी हिसकावून घेई. त्या खुर्चीकडे कान करून क्षणभर बसे, मग कांडी परत देई. "वाजव." सहा महिने हेच.

फाल्गुनातली शेवटची दुपार आली. झळा लागतात म्हणून दारं-खिडक्या लावून घेतलेल्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शिष्य जीव ओतून वाजवत होता, आणि म्हाताऱ्याने पुन्हा कांडी ओढली.

शिष्य भडकला. "मास्तर, आज तरी सांगा! कुठला सूर चुकला?"

"एकही नाही."

"मग?"

"गप बस, पंडिता." म्हाताऱ्याने शिष्याच्या गिटारीवर तळहात दाबून धरला. तारा मेल्या. खोलीतला नाद संपायला हवा होता.

संपला नाही. समोरच्या खुर्चीवरून एक बारीक सूर येत होता.

शिष्याच्या अंगावर काटा आला. पण विद्या गप्प बसते थोडीच? "मास्तर, एक गिटार वाजली की दुसरीची त्याच सुराची तार आपोआप झणाणते. शास्त्रातच आहे ते."

"असेल. तू कुठल्या सुरावर होतास?"

"कोमल निषादावर."

"आणि हा कुठला?"

शिष्याने कान दिला. "धैवत."

"तू वाजवलास धैवत?"

शिष्याने तुकडा मनात फिरवून पाहिला. "नाही. वाजवणार होतो. पुढचा."

सूर विझला. म्हातारा म्हणाला, "शास्त्र सोडू नकोस. ते नसतं तर तार झणाणली म्हणून खूश होऊन घरी गेला असतास, हा सूर आपला नव्हे हे तुला कळलंच नसतं. पण तुला येतं ते सगळं तू एका दमात सांगून टाकतोस. समोरच्याला तोंड उघडायला जागा ठेवत नाहीस. सहा महिने तो तुला रोज उत्तर देतोय. मी ऐकलं. तू नाही ऐकलंस. त्याच्या जागेवर बसणार, आणि त्याला विचारणार नाहीस?"

"आणि उत्तर आलंच नाही तर?"

"तर तेही ऐकायचं."

शिष्याने कांडी घेतली. तीन सूर वाजवले, आणि हात उचलून घेतला. पहिल्यांदाच तो थांबला. किती वेळ, कुणी मोजलं नाही. खोलीत काय उमटलं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

मग म्हातारा उठला. त्याने खुर्चीवरची गिटार उचलून शिष्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याला त्या खुर्चीत बसवलं. शिष्याने तारांना बोट लावलं. तारा कोमट होत्या, नुकताच कुणी हात काढून घ्यावा तशा.

अर्थ एवढाच की आपलं बोलून झालं की थांबावं, समोर कुणी नाही असं वाटलं तरी. मीही थांबतोच आहे. भर सभेत ज्याने माझ्यावर खोटा आळ घेतला, त्याला मी चार शब्द सुनावले आणि गप्प राहिलो. तो माणूस वारून चार वर्षं झाली. रोज दुपारी दार लावून कान देऊन बसतो, अजून माफी आलेली नाही त्या जगन्नाथ खोबरेकराची.