वाघधोंडीवरचा बार

"मला एवढंच सांगा वस्ताद, माझा हक्क होता का न्हवता?"

सटुप्पा गावड्यानं तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल फकीर दर्ग्याच्या पायरीवर बसून उदाच्या भांड्यातली राख झटकत होता. मान वर करायचीही तसदी त्यानं घेतली नाही.

हा बाबालाल एके काळी घाटावरचा नामी शिकारी. डुकरांनी भुईमूग उकरला, गव्यांनी ऊस लोळवला की पंचक्रोशीतले लोक यालाच बोलवायला धावायचे. मग एक दिवस त्यानं बंदूक ठाण्यात जमा केली आणि घाटमाथ्यावर पिराजवळ येऊन बसला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्याच्या हाताखाली नेम धरायला शिकलेला एकुलता एक चेला म्हणजे सटुप्पा. वीस वर्षं झाली, तरी चेल्याला त्याचा तोरा होता.

आज तोरा जरा वाकडा झाला होता. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली एकनळी बंदूक होती आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत परवान्याचं पुस्तक.

त्यानं पुस्तक उघडून बाबासमोर धरलं.

"हे बघा. पीक संरक्षण. सरकारचा शिक्का हाय. चार सऱ्या खाणाऱ्या डुकरावर बार टाकायचा हक्क हाय, आन आख्खं पठार गिळायला आलेल्यावर न्हाई?"

"हाय की."

सटुप्पा गोंधळला. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला कुणी पहिल्याच झटक्यात कबूल केलं, की त्याची पंचाईत होते.

"मग माझं चुकलं कुठं?"

"मी कुठं म्हटलं चुकलं म्हणून? तूच सकाळी सकाळी घाट चढून आलास."

…

झालं होतं ते असं.

पठाराखाली बॉक्साइट आहे, आणि ते एका कंपनीला हवं आहे. मोजणीवाले तीनदा आले. तिन्ही वेळा गावातल्या बायका रस्त्यात आडव्या झोपल्या आणि मोजणीवाले आल्या पावली परत गेले. चौथ्यांदा कंपनीनं माणसं पाठवलीच नाहीत, ड्रोन पाठवलं. माणसाला अडवता येतं, आभाळाला कोण अडवणार?

गाव चवताळलं. रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, आणि शिकारीला निघताना देतात तसा पहिल्या बाराचा मान सटुप्पाला दिला. गावात परवान्याची बंदूक त्याचीच. तो वाघधोंडीच्या कड्यावर चढला. अर्धं गाव त्याच्या पाठीशी उभं राहिलं. घरात डुकराची काडतुसं होती, सुपारीएवढ्या शिशाच्या गोळीची, त्यातलंच एक त्यानं भरलं. यंत्र दरीवर आलं, कड्याच्या बरोबरीला आलं. सटुप्पानं बार टाकला.

यंत्राचं काही बिघडलं नाही. त्यानं पठाराचे फोटो काढले आणि निघून गेलं.

समोरच्या उतारावर धनगरवाड्यावरची ठकूबाई झोरे गवत कापत होती. ती खाली बसली. दमली असेल, असं आधी सगळ्यांना वाटलं.

गोळी पोटात लागली होती. माणसांनी घोंगड्याच्या झोळीतून तिला सडकेला आणलं आणि तिथून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

…

"नाना देसाई काय म्हणतोय?" बाबानं विचारलं. नाना म्हणजे गावच्या लढ्याचा पुढारी.

सटुप्पानं परवान्याचं पुस्तक परत पिशवीत घातलं. हे सांगायलाच तर तो आला होता, पण तोंडातून निघेना.

"नाना म्हणतोय, कंपनीच्या पहारेकऱ्याजवळ बी बंदूक हाय. त्येनंच बार टाकला म्हणायचं. पोलिसांनी त्येला काल सांजंलाच उचललाय."

"कोण हाय तो?"

"हाय कुणीतरी परमुलखातला. नाव बी नीट म्हाईत न्हाई."

"आन तू?"

"मला आज ठाण्यात साक्ष द्यायची हाय. मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सही करायची. माझी बंदूक म्हैना झाला दुरुस्तीला गेलीय, असं समद्यांनी सांगायचं ठरलंय." त्यानं खांद्यावरचं ओझं खाली घेतलं. "चार दिस ही हितं ठेवून घ्या. पिराच्या जागंत कोण हुडकणार?"

बाबानं उदाचं भांडं बाजूला ठेवलं.

"गाव वाचंल, वस्ताद," सटुप्पा घाईघाईनं बोलू लागला. "नाना खोटं न्हाई बोलत. कंपनीनं बाई मारली म्हटल्यावर पेपरवाले येतील, पुढारी येतील, मोजणी बंद पडंल. आन मी खरं बोललो तर? लढा मोडला. गावच गुन्हेगार ठरलं. एका पहारेकऱ्यापायी दोनशे उंबरा देशोधडीला लावू व्हय?"

बोलणं बिनतोड होतं. रात्रभर घोटून घोटून त्यानं ते गुळगुळीत केलं होतं. 

बाबा म्हणाला, "ठेवतो. सोड गोणपाट."

सटुप्पाला हायसं वाटलं. त्यानं सुतळी सोडली, बंदूक बाहेर काढली.

"काडतूस हाय?"

"एक हाय खिशात."

"भर."

"आता? कशापायी?"

"भर म्हटलं ना."

वीस वर्षांपूर्वी हाच आवाज ऐकून त्याचे खांदे आपोआप सरळ व्हायचे. आजही झाले. त्यानं नळी खाली मोडून उघडली, काडतूस घातलं, नळी बंद केली.

बाबानं बोट वर केलं. दर्ग्याच्या माथ्यावर, उंच, एक घार गिरक्या घेत होती.

"पाड तिला."

सटुप्पानं बंदुकीचा दस्ता खांद्याला लावला. एक डोळा मिटला. नळी घारीबरोबर फिरली, अर्धी गिरकी, पाऊण गिरकी… आणि खाली आली.

"न्हाई पोचायची, वस्ताद."

"का?"

"लई उंच हाय."

"आन कालचं यंत्र?"

"ते… मी कड्यावर गेलो हुतो. ते बरोबरीला आलं हुतं."

"किती लांब?"

सटुप्पा नळीवरची धूळ बोटानं पुसू लागला.

"किती पावलं, सटुप्पा?"

"दोनशे. जादाच. कमी न्हाई."

"दोनशे पावलांवर उडत्याला लागतीय ही?"

"न्हाई."

"कधीपास्नं ठावं हाय तुला?"

"तुम्हीच शिकिवलं न्हाई का…" तो बोलता बोलता थांबला.

बाबानं त्याला शिकवलेली पहिली गोष्ट बंदुकीची नव्हतीच. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसवून, हातात नुसती काठी देऊन त्यानं सांगितलं होतं की बार टाकायच्या आधी बारामागं माती दिसली पाहिजे. जनावर डोंगराच्या सोंडेवर उभं राहिलं, त्याच्या पाठीमागं आभाळ दिसलं, की काठी खाली. मग ते जनावर सोन्याचं का असेना. सहा महिने त्यानं चेल्याला काठीच धरायला लावली होती. सटुप्पा तेव्हा वैतागला होता, आणि पुढं वीस वर्षांत त्याच्या हातून एकही बार भलतीकडं गेला नव्हता.

"लागणार न्हाई, हे ठावं हुतं," बाबा हळूच म्हणाला. "मागं माती न्हाई, हे बी दिसत हुतं."

"व्हय."

"मग का टाकलास?"

घार एव्हाना दरीकडं सरकली होती. सटुप्पा तिच्याकडंच बघत राहिला. तिच्याकडं बघणं सोपं होतं.

"वस्ताद… समदी माझ्या मागं उभी हुती. नारळ हातात दिलेला. बाया म्हणत हुत्या, आता सटुप्पा दावील त्यास्नी. मी यंत्राकडं बघितलंच न्हाई. माझं ध्यान मागंच हुतं. कसं सांगू त्यास्नी की ही बंदूक डुकराची हाय, हितनं काय बी हुणार न्हाई म्हणून? कसं उतरू कड्यावरनं तसाच?"

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. पठारावर सगळ्यांनी खांद्यावर घेतलेला गडी, पण आता त्याला रडू आवरेना. इतक्या वेळात हक्काबद्दल तो एवढं बोलला होता, त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्यातलं काहीही आता त्याच्या कामाचं नव्हतं.

बाबानं त्याच्या हातातून बंदूक घेतली. काडतूस काढलं. ते हातात घेऊन त्याचं वजन बघितल्यासारखं केलं, आणि परत त्याच्याच तळहातावर ठेवलं.

…

मोबाईल वाजला. नानाचा होता. सटुप्पानं डोळे पुसून तो कानाला लावला, पण नानाचा आवाज मुळातच सभेचा. बाबालाही सगळं ऐकू आलं.

"गेली रं ठकूबाई. पहाटंच गेली म्हणत्यात. आता हा खुनाचा मामला झाला, ध्यानात घे. जीप घाटाच्या तोंडाला लावून ठेवलीय, साहेब वाट बघतोय. पहारेकरी कबूल हुईना, पण तुझी साक्ष झाली की झालं. आता तोंड उघडायचं न्हाई, सटुप्पा. सुटलास तू. उतर खाली."

फोन बंद झाला.

सटुप्पानं मोबाईल खिशात टाकला. ठकूबाईला तो ओळखत होता. दिवाळीला ती लोण्याचा गोळा घेऊन गावात यायची आणि त्याच्या बायकोशी दरावरून हुज्जत घालायची. तिच्या घरात कोण कोण आहे, हे मात्र त्याला आठवेना. नवरा होता. एक लेक होती, तिचं लग्न झालं होतं की नाही, कुणास ठाऊक.

दर्ग्यापासून दोन वाटा खाली उतरत होत्या. एक घाटाच्या तोंडाला, जिथं जीप उभी होती. दुसरी मळलेली नव्हती. करवंदीच्या जाळ्यांतून ती दरीत उतरायची आणि पलीकडं धनगरवाड्यावर चढायची. त्या वाटेनं बाबालालशिवाय कुणी जात नसे.

सटुप्पा उठला. मूठ वळलेली, काडतूस आत.

"वस्ताद, ती तर गेली," तो म्हणाला. "आता खरं सांगून तरी काय व्हणार? ती काय परत येती? धनगरवाड्यावर जाऊन मी बोलू तरी काय? न्हाई तर… आजचा दिस जाऊ दे. साक्ष तेवढी टाळतो. उद्या बघू. उद्या डोकं जाग्यावर येईल."

बाबानं बंदूक गोणपाटात गुंडाळली, सुतळीची गाठ मारली, आणि ती त्याच्याच खांद्यावर अडकवली.

"गोळी पलीकडं पोचली त्येला एक दिस झाला, सटुप्पा. तू अजून हितंच हाईस."