शेकोटी विझल्यावर

मुलांनो, चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या एका दरीत एक जुने जंगल होते. ऊन तिथे उशिरा पोचे आणि लवकर निघून जाई. त्यामुळे हिवाळा फार कडक पडे. सकाळी गवतावरचे दहिवर गोठलेले असे आणि ओढ्याच्या काठाचे पाणी काचेसारखे कडक झालेले असे. अशा थंडीत तग धरायला तिथल्या प्राण्यांजवळ एकच आधार होता. तो म्हणजे जंगलाच्या मधोमध, मोकळ्या माळावर कायम पेटती ठेवलेली मोठी शेकोटी.

ही शेकोटी कोळशावर जळत असे, आणि तो कोळसा डोंगराच्या पोटातून उकरून काढायचे काम सायाळींचे. सायाळ म्हणजे आखूड पायांचा, अंगभर लांब काटे असलेला प्राणी. उकरण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. सायाळींची बिळे दरीच्या अगदी तळाशी होती. त्यांचा सगळा वेळ जमिनीखाली जाई, पोटासाठी हिंडायला सवड मिळत नसे. म्हणून शेकायला येणारा प्रत्येक जण त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन येई. कोणी कंद आणी, कोणी बोरे, कोणी कोवळ्या मुळ्या. ही रीत कोणी घालून दिली ते कोणाला आठवत नव्हते, पण ती चालत आली होती.

शेकोटीने ऊब दिली तसा धूरही दिला. दरीत वारा कमी, त्यामुळे तो धूर झाडांमध्येच अडकून राही. पाने काळवंडत. म्हाताऱ्या प्राण्यांना खोकला जडे. एका हिवाळ्यात मैनेच्या ढोलीत इतका धूर साचला की तिची दोन्ही पिल्ले गुदमरून गेली. सारे जंगल तिच्या झाडाखाली जमले. एक सायाळही आली होती. थोड्याच दिवसांपूर्वी कोळसा काढताना दरड कोसळून तिचा नवरा गेला होता. तिच्या पदरात दोन लहान पिल्ले होती. ती सगळ्यांच्या मागे मान खाली घालून उभी राहिली आणि परत गेली.

त्यानंतर काही दिवसांनी घार एक बातमी घेऊन आली. ती म्हणाली, "उत्तरेकडच्या कड्यावर मी वाफ पाहिली. खाली उतरून बघितलं तर गरम पाण्याचा झरा आहे. बारमाही वाहतोय. ते पाणी खाली आणलं तर शेकोटीची गरजच उरणार नाही."

जंगलाचा कारभार एका वयोवृद्ध गव्याकडे होता. त्याने सर्वांना बोलावले. बांबू उभे चिरून त्यांच्या पन्हळी करायच्या, एकीला एक जोडून गरम पाणी खाली आणायचे आणि घराघराशेजारून वाहू द्यायचे, असे ठरले. म्हणजे आजूबाजूचे दगड तापतील, जमीन उबदार राहील आणि धुराचे नावही राहणार नाही. कितीतरी वर्षांत जंगलाने एवढी चांगली गोष्ट ऐकली नव्हती.

ती नवरा गेलेली सायाळ पुढे आली. "शेकोटी विझावी असं मलाही वाटतं," ती म्हणाली. "त्या धुराने माझी छातीही भरलीय. पण गवेआजोबा, शेकोटी विझली की आम्ही काय करायचं? आम्हाला उकरण्याशिवाय काही येत नाही."

"बघू, काहीतरी करू," गवा म्हणाला. "आधी पाणी तर येऊ दे."

मग कोल्ह्याने एक प्रश्न काढला. पन्हळ कोणाच्या दारी आधी न्यायची? त्याचे उत्तरही त्याच्याकडे तयार होते. "जो बांबू आणील त्याच्या दारी. जो आणणार नाही त्याने वाट बघावी. यात अन्याय कुणावरच नाही, नियम सगळ्यांना सारखा." सगळ्यांना ते पटले. गव्यानेही मान डोलावली.

पुढचा पावसाळा संपताच काम सुरू झाले. अस्वलाने नखांनी बांबू चिरले. वानरांनी ते वेलींनी बांधले. सांबरांनी आणि रानडुकरांनी नदीपलीकडच्या बेटातून बांबू ओढून आणले. थंडी सुरू झाली तरी काम चालूच होते. दमून आलेल्यांना शेकायला शेकोटी लागे, म्हणून सायाळी पूर्वीपेक्षा जास्त कोळसा उकरत होत्या. पन्हळ पुरी होईपर्यंत त्यांना एक दिवसही बिळाबाहेर निघता आले नाही. त्यामुळे बांबूच्या बेटापर्यंत त्यांच्यापैकी कोणीच पोचले नाही.

अखेर पाणी आले. कड्यावरून, उतारावरून, गुहांच्या आणि झाडांच्या बुंध्यांजवळून वाफाळते पाणी खळखळू लागले. गव्याने शेकोटीवर माती लोटली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "आजपासून या जंगलात कोळसा पेटवायचा नाही. जो पेटवील त्याला इथे जागा नाही."

आकाश स्वच्छ झाले. मैनेने ढोली साफ केली आणि तिथे तिची नवी पिल्ले वाढू लागली. जंगल आनंदात होते.

पन्हळ मात्र सायाळींच्या बिळांच्या बरीच वर संपली होती. सायाळ गव्याकडे गेली तेव्हा कोल्हा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "सायाळताई, तुमच्याकडून एकही बांबू आला नाही. नियम तो नियम. शिवाय आणखी खाली नेलं तर वरच्यांचं पाणी कमी होईल." गवा म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की बघू."

आता शेकायला कोणी येत नव्हते, त्यामुळे कंद आणि बोरेही येईनाशी झाली. कोणी ठरवून बंद केले असे नव्हे. रोजची वाट बदलली आणि ती सगळी आठवणच पुसली गेली. ज्या सायाळींच्या अंगात जोर होता त्या दुसरे रान शोधायला डोंगर ओलांडून गेल्या. या सायाळीची पिल्ले अजून डोंगर ओलांडण्याजोगी नव्हती. ती राहिली. जमीन इतकी गोठली होती की दिवसभर उकरून एखादी वाळकी मुळी हाती येई. ती दोन पिल्लांत वाटून सायाळ स्वतः उपाशी राही.

पौष महिन्यात एके दिवशी सकाळी मैनेला धुराचा वास आला. ती किंचाळतच उडाली. दरीच्या तळाशी, ओढ्याजवळच्या मातीतून धुराची बारीक रेघ वर येत होती. क्षणात सगळे जंगल जागे झाले.

"मी म्हणत नव्हतो?" कोल्हा म्हणाला. "ज्यांना धुराची सवय आहे ते धूरच करणार. हाकलून द्या त्यांना!"

संतापलेला घोळका खाली धावला. सर्वांत पुढे मैना होती. धूर बिळातूनच येत होता, पण बिळाचे तोंड दिसेना. ते आतून मातीने बुजवलेले होते. गव्याने शिंगाने माती उकरताच काळ्या धुराचा लोट बाहेर आला. त्याने दरडावून हाक मारली, "बाहेर ये!"

आतून फक्त खोकला ऐकू आला. मग सायाळ पाठमोरी सरकत बाहेर आली. तिने तोंडात एक पिल्लू धरले होते. ते तिने गवतावर ठेवले आणि कोणाकडे न बघता पुन्हा आत शिरली. दुसरे पिल्लू घेऊन ती आली. ते धापा टाकत होते. गार हवा लागताच त्याने डोळे उघडले. पहिले पिल्लू तसेच पडून होते. त्याच्या अंगावरचे काटे अजून आखूडच होते. सायाळीने त्याला नाकाने ढोसले, चाटले, पुन्हा ढोसले. ते हलले नाही.

घोळका मागे सरला. कोल्हा तेवढा हळूच म्हणाला, "नियम तर मोडलाच ना."

"मोडला," सायाळ म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "दोघं थंडीने निळी पडली होती. जुन्या बोगद्यात थोडा कोळसा उरला होता, तो पेटवला. धूर बाहेर आला तर मैनाताईंच्या ढोलीत जाईल, म्हणून बिळाचं तोंड बुजवलं. मला वाटलं, थोडी ऊब आली की लगेच विझवीन."

मैना जवळच्या दगडावर बसली होती. ती खाली उतरली, त्या पिल्लाजवळ गेली आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग ती गव्याकडे वळली.

"माझी पिल्लं धुराने गेली तेव्हा सारं जंगल माझ्या झाडाखाली रडलं," ती म्हणाली. "हिचंही पिल्लू धुरानेच गेलं. आणि आपण काय केलं? हिला हाकलायला आलो. मी सगळ्यांच्या पुढे होते. माझी नवी पिल्लं जगावीत म्हणून हिने आपल्या घराचं दार बुजवलं, आणि माझ्या झाडाखालून एवढं पाणी वाहत असताना मी कधी विचारलं नाही, की ते पुढे कुठपर्यंत जातं."

गव्याने मान खाली घातली. एवढा मोठा प्राणी, पण त्या वेळी तो लहान दिसत होता.

"शेकोटी विझवली ती चूक नव्हती," तो शेवटी म्हणाला. "ती विझायलाच हवी होती. पण आपण पन्हळ बांधत होतो तेव्हा आपल्याला शेकायला कोळसा कोण देत होतं? हिला बांबू आणायला सवड कुठे होती? नियम सगळ्यांना सारखा होता, पण सगळ्यांची वेळ सारखी नव्हती. हे मला दिसायला हवं होतं. कोल्होबा, नियम तुम्ही सुचवला, पण होकार माझा होता. हा दोष माझाच."

त्या दिवशी कोणी घरी गेले नाही. पिल्लाला ओढ्याकाठी पुरल्यावर अस्वल बांबू चिरायला बसले. सांबरे नदीपलीकडे गेली. गव्याने आपल्या गुहेकडे वळवलेली पन्हळ स्वतः सोडवली आणि तिचे बांबू खाली आणले. कोल्हाही खांद्यावर बांबू वाहत होता. कोणी त्याला टोमणा मारला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गरम पाणी सायाळीच्या बिळाजवळ पोचले. वरच्यांचे पाणी थोडे कमी झाले खरे, पण कोणी गारठून मेले नाही.

सायाळ आठ दिवस बाहेर आली नाही. मैना रोज बिळाच्या तोंडाशी कंद ठेवून जाई. गवा येऊन काही वेळ बाहेर बसे आणि हाक न मारता निघून जाई. नवव्या दिवशी सायाळ बाहेर आली. गव्याने तिला सांगितले, "बांबूच्या पन्हळी दरवर्षी कुजतील, पाणी वाटेतच निवेल. जमिनीखालून चर काढला तर ते गरम राहील. हे काम तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. गेलेल्या सायाळींनाही मी निरोप धाडला आहे. कामाच्या बदल्यात काय हवं ते तू सांग. या वेळी आम्ही ठरवणार नाही."

"पोटापुरतं मिळालं तरी चालेल," सायाळ म्हणाली. "आणि पहिला चर कुठे न्यायचा, ते मी ठरवीन."

"ठरव."

ती दरीच्या दक्षिण टोकाकडे निघाली. तिथे खडकांच्या कपारीत एक लंगडे, म्हातारे तरस एकटेच राहत असे. मेलेली जनावरे खाणारे म्हणून कोणी त्याच्याशी बोलत नसे. शेकोटीजवळही त्याला कोणी कधी बसू दिले नव्हते. सायाळीने स्वतःच एकदा त्याला काटे दाखवून पळवून लावले होते. हे तिने सगळ्यांसमोर सांगितले आणि ती म्हणाली, "थंडी त्याच्याकडेही पडते."

सायाळी परत आल्या. महिनाभर त्यांनी चर खोदला. रानडुकरांनी माती उपसली, मैनेने वरून वाट दाखवली. फाल्गुनाच्या आधी, थंडीचे शेवटचे दिवस उरले असताना, पाणी त्या कपारीपाशी पोचले. तरस दूर उभे राहून बघत होते. आपल्यासाठी काही आले आहे यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. बऱ्याच वेळाने ते लंगडत पुढे आले, आपला आखडलेला पाय त्याने हळूच त्या पाण्यात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. सायाळीने आपल्या उरलेल्या पिल्लाला जवळ ओढले आणि ती दोघे तिथेच, त्याच्या शेजारी बसून राहिली.

तात्पर्य : धुराची वाट सोडणे चांगलेच, पण ज्यांनी तो धूर सोसून आपल्याला ऊब दिली त्यांनाच जर नव्या वाटेवर गारठत मागे ठेवले, तर ती वाट कितीही स्वच्छ असली तरी न्यायाची होत नाही.