तीन महिन्यांत उजवलेल्या वशाची कहाणी

ऐका बायांनो. एक भलंथोरलं नगर होतं, नगरात कोष्ट्यांची आळी होती. तिथल्या तुळजेला क्षय झाला. सासू म्हणाली, "हिला डोंगरावरच्या दवाखान्यात नेऊन ठेवा." तुळजेची मुलगी तीन वर्षांची. ती पदर सोडीना.

मग नगरात डॉक्टरीणबाई आली. म्हणाली, "माणसांतून उठवलेलं माणूस नुसत्या औषधानं उभं राहत नाही. ही घरीच बरी होईल. तुळजे, तुला वसा देते."

"कोणत्या देवाचा?"

"गोळ्यांचा. शेजारणीच्या डोळ्यांदेखत रोज गोळ्या घ्याव्या. बळ येईल तशा मागासाठी सुताच्या कांड्या भराव्या. मी सांगेन तोवर टाकू नये."

शेजारीण ठकूबाई रोज समोर बसू लागली. पहिल्या महिन्यात ताप गेला. दुसऱ्या महिन्यात भूक आली. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला. मग सासू म्हणाली, "फळ दिसलं, आता वसा उजवायला नको?" तुळजेनं पाच सवाष्णी जेवू घातल्या, ओट्या भरल्या. उरलेल्या गोळ्या पायदळी नकोत म्हणून हळदकुंकू वाहून नदीत सोडल्या.

मग काय झालं? ताप फिरून आला, भूक गेली, थुंकीत रक्त दिसलं. तुळजा चक्रावली. "बाई, काय चुकलं? सवाष्ण उपाशी गेली का? ओटी कमी भरली का? नदीला गोळ्या रुचल्या नाहीत का?"

डॉक्टरीणबाईही गोंधळली. मग सारा प्रकार उमगला, तशी म्हणाली, "चूक माझी. फळ दिसल्यावरही हा वसा संपत नाही, हे मी सांगायला हवं होतं. आता दीड वर्ष लागेल. पुन्हा मोडलात, तर माझ्या हाती काही उरणार नाही."

मग तिनं विचारलं, "उद्यापनाला कोण कोण जेवलं?" ठकूबाईसह पाचही जणी चाचरत पुढं आल्या.

"फळ खाल्लंत, आता वसा धरा. आळीपाळीनं अंगणात हिच्यासमोर बसा."

एक पुटपुटली, "पुरणपोळी भलतीच महाग पडली गं!" तुळजा हसली, हसता हसता खोकली. पण कुणी उठून गेली नाही.

दीड वर्ष सरलं. थुंकी तपासली, रोग निघाला नाही. तुळजा मागावर बसली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता उजव."

पंगत बसली. ठकूबाई घास घेईना. पदराआड खोकली. "दोन महिने झाले," ती म्हणाली, "सांगायची लाज वाटली."

सासूनं विचारलं, "मग आज उद्यापन म्हणायचं की आरंभ?"

तुळजेनं वाढता हात थांबवला. "ठकूबाई, जेवा तुम्ही. उद्यापासून मी समोर बसते."

जसं तुळजेला माणसांत राहून आरोग्य लाभलं, तसं तुम्हांआम्हांला लाभो. ही बहुतां बोलांची कहाणी थोडक्या बोलांत फळासह पुरी झाली.