ऊस देशातली नोकरी

“...पण आप्पा, नेटवर सगळं तयार मिळत असताना डोकं कशाला झिजवायचं?”

विचारणारा नथनेल पाटोळे, आमच्या चर्चचा नवा पाळक. पुण्याहून शिकून आलेला, कपड्यांना कडक इस्त्री. ऐकणारे आप्पा घाटविसावे, जुने पाळक, आता निवृत्त. आप्पांनी उभ्या हयातीत तेच सात-आठ उपदेश फिरवून फिरवून दिले. वाक्य संपायच्या आधीच मंडळी आमेन म्हणून मोकळी व्हायची.

अशा माणसाकडं शिकायला कोण जातं? पण उद्या रविवार होता आणि नथनेलला आपला उपदेश कुणावर तरी झाडून बघायचा होता.

मी आप्पांच्या ओसरीवरच होतो. कॉलेज सोडल्यापासून तिथंच असतो. चहा मिळतो, आणि “पुढं काय?” असं कुणी विचारत नाही.

उद्या कमिटी ऐकणार होती. कमिटी म्हणजे पहिल्या बाकावर झोपणारे म्हातारे. जागे झाले की ते पाळकाला कायम करतात किंवा हाकलतात. उद्या नथनेलची पाळी होती.

“रविवारचा शास्त्रपाठ आधीच नेमलेला असतो,” तो म्हणाला. “तो नेटवर टाकायचा, की उपदेश समोर येतो. अमेरिकेतले मोठमोठे लोक लिहितात. मोबाईल मराठी करून देतो.”

“आणि गोष्टी? मंडळीला गोष्टी लागतात.”

“त्यांची वेगळी साइट आहे.”

“हसवायचं झालं तर?”

“तीपण आहे.”

“आणि रडवायचं?”

“...बघावं लागेल.”

“उद्या कोणता पाठ?”

“ईयोब.”

ईयोब म्हणजे बायबलातला तो सज्जन, ज्याचं सगळं धुऊन गेलं. पोरं, गुरं, अंगाची धड कातडीसुद्धा. माझं काय चुकलं म्हणून विचारलं, तर देव गप्प. ईयोब ऊस देशातला. आमचा सगळा भाग उसाचा. आप्पांनी या योगायोगाचा इतका रस काढला, की आमची आत्या मरेपर्यंत ईयोबाला श्रीरामपूरकडचा समजत होती.

“वाच,” आप्पा म्हणाले.

नथनेल उभा राहिला. घसा खाकरला. एका हातात मोबाईल, दुसरा हात आभाळाकडं.

“प्रिय बंधुभगिनींनो! नोकरी अत्यंत नीतिमान होती. नोकरीला पुष्कळ मुलं होती, उंट होते. आणि एके दिवशी नोकरीच्या सर्वांगाला फोड आले...”

माझा चहा नाकातून बाहेर आला.

आप्पा गंभीर. “नोकरीला?”

“रूपक असेल, आप्पा. हे लोक फार खोल लिहितात.”

“अहो पाळकसाहेब,” मी म्हणालो, “इंग्रजीत ईयोबाचं नाव आणि नोकरीचा जॉब, दोन्ही एकसारखंच लिहितात. तुमच्या मोबाईलनं ईयोबाची नोकरी केली. आमच्या नोकरीला फोड यायला आधी ती जन्माला तरी यायला पाहिजे.”

नथनेल पांढरा पडला. बोटानं खाली खाली सरकवत गेला. नोकरी, नोकरी, नोकरी.

“काही नाही. एक बटण दाबलं की सगळीकडं बदलतं.”

आप्पांनी हात पुढं केला. नथनेलला वाटलं आशीर्वाद. त्यानं डोकं झुकवलं, डोळे मिटले. आप्पांनी त्याच्या हातातून मोबाईल काढला, खाटेवर ठेवला आणि त्यावर बसले. आप्पा काही बारीक नाहीत.

“आप्पा! काच फुटेल!”

“बोल. ईयोबाचं काय झालं?”

“ईयोब... ऊस देशात... त्याला फार, म्हणजे... दुःख...”

“हं.”

“...द्या ना, आप्पा.”

आप्पांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. म्हाताऱ्याला घाई म्हणून नव्हती.

“अहो, उद्या माझी नोकरी जाईल!” नथनेल किंचाळलाच. “बापानं गावभर सांगितलंय, पोरगं पाळक झालं म्हणून. त्याला काय तोंड दाखवू? मी कुणाचं काय वाईट केलं? रात्र रात्र झोप नाही. देवाला विचारतो तर तोही गप्प! मग बोलावलं कशाला मला?”

 

आप्पांनी बशी खाली ठेवली. पहिल्यांदाच नीट त्याच्याकडं पाहिलं.

“हे कुठल्या साइटवर मिळालं?”