दुपारचा बंद भाव

एका पेठेत एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. शेअर बाजाराची चाल वाचण्यात त्यांचा हातखंडा होता, पण बाजारात पैसा लावावा कसा यापेक्षा बाजाराकडे शांतपणे पाहावे कसे, हेच ते अधिक शिकवत. तरुणपणी त्यांनी आलेखाच्या कागदावर हाताने मेणबत्त्या काढल्या होत्या. एका दिवसाची एक मेणबत्ती. भाव सुरू कुठे झाला आणि बंद कुठे झाला यावरून तिचे अंग ठरायचे, आणि मधल्या वेळात तो वर-खाली कुठवर जाऊन आला ती तिची वात. आता मोतीबिंदूने दृष्टी अधू झाली होती. दुपारचे जेवण झाले की ते दाराआडच्या आरामखुर्चीत पडून राहत.

त्यांचा जुना शिष्य जयवंत बुद्धीने तल्लख होता. संगणकातला तयार आलेख त्याच्या पसंतीस उतरेना, म्हणून त्याने स्प्रेडशीटमध्ये स्वतःचा घडवला. सुरुवातीचा भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव असे चार रकाने ओळीने मांडले. चढत्या दिवसाला हिरवे अंग दिले, पडत्याला तांबडे. शनिवार-रविवारच्या सुट्टीमुळे मध्ये पडक्या दातांसारख्या फटी राहत, त्याही बुजवल्या. शेवटी एक शक्कल लढवली. आजच्या बंद भावाच्या घरात चालू भाव आपोआप येऊन बसेल असे सूत्र घातले, म्हणजे भर दुपारीही आजची मेणबत्ती रंगून तयार. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि ‘हं’ म्हटले.

दुसऱ्याच दिवशी विपरीत घडले. जयवंत जेवून परत आला तर आजच्या मेणबत्तीला अंगच नाही, नुसती वात उभी. बंद भावाचे घर कोणीतरी रिकामे केले होते. त्याने सूत्र पुन्हा घातले. पुढच्या दुपारी पुन्हा तेच, त्यानंतरही तेच. जयवंतच्या मनात पाल चुकचुकली.

घरात तिसरे माणूस एकच होते. वसुधा नुकतीच शिकायला आली होती. आधी ती पतपेढीत कामाला होती. ती नोकरी सुटली होती आणि तिच्या घरी मिळवती तीच. नोकरी का सुटली असेल, हा प्रश्न जयवंतला आता नव्याने पडला. वास्तविक पतपेढीची ती शाखाच बंद झाली होती, पण एवढी चौकशी कोण करतो? संशयाला पुरावा लागत नाही, खुराक लागतो, आणि तो कुठेही मिळतो. वसुधा खाली मान घालून बसली की वाटे, मन खात असणार. मान वर करून बोलली की वाटे, काय हा निगरगट्टपणा. एकदा तिने घरचे बेसनाचे लाडू आणले, तर याने तो लाडूही तपासून खाल्ला.

त्यातच पेठेतले एक तेलाचे व्यापारी गुरुजींकडे आले. घरच्या गुंतवणुकीवर लक्ष ठेवायला त्यांना एक विश्वासू माणूस हवे होते. दोघेही तयार आहेत, तुमचे तुम्ही पाहून ठरवा, असे गुरुजी म्हणाले. शेटजींचा कल वसुधाकडे दिसला. आपली संधी जाते म्हणून आपण चिडलो आहोत, असे जयवंतला मुळीच वाटले नाही. आपल्याला फक्त सत्याची चाड आहे, असेच त्याला वाटत होते.

एके दुपारी तो जेवायला जातो म्हणून निघाला आणि जिन्यावरून माघारी फिरला. दाराच्या फटीतून संगणकाचा पडदा दिसत होता आणि माउसवरचा वसुधाचा हात. तिने बंद भावाच्या घरावर जाऊन ते पुसले. मेणबत्तीचे तांबडे अंग नाहीसे झाले. जयवंतला तेवढे पुरे होते. दार ढकलण्याची तसदीही न घेता तो तडक शेटजींच्या दुकानी गेला. ही बाई दुसऱ्याच्या कामात चोरून ढवळाढवळ करते, मी डोळ्यांनी पाहिले, असे त्याने सांगितले. शेटजींनी मान हलवली आणि बरे झाले वेळेवर कळले, म्हणाले.

परत येऊन त्याने गुरुजींनाही ते सांगितले, वसुधाच्या देखत. गुरुजी आरामखुर्चीतून उठले नाहीत.

“ते घर मीच पुसायला सांगतो तिला,” ते म्हणाले. “मला दिसत नाही म्हणून हात तिचा. तू फटीतून पाहिलंस तेव्हा मी इथेच होतो, दाराआड.”

जयवंतने वसुधाकडे पाहिले. मग तुम्ही बोलला का नाहीत, असे त्याने विचारले.

“त्यांनी विचारलं तर सांग, असं गुरुजी म्हणाले होते,” वसुधा म्हणाली. “तुम्ही विचारलंच नाहीत.”

गुरुजी बोलू लागले. “जयवंता, बाजार अजून चालू आहे. मग बंद भाव तू आणलास कुठून? मी कागदावर काढायचो तेव्हा दिवसभर नुसती पेन्सिलची वात वर-खाली ओढत बसायचो. अंग भरायचं ते बाजार उठल्यावर. एकदा उतावीळपणे दुपारीच तांबडं भरलं. बाजार उठताना भाव चढला, तरी मला तो चढलेला दिसेना. रंग खोडता आला, नजर खोडता आली नाही. म्हणून तुझं ते घर रोज रिकामं करवलं. तू विचारशील, मग सांगू, असं म्हणत राहिलो. तू सूत्र पुन्हा घालत राहिलास, आणि तेच सूत्र हिलाही लावलंस.”

जयवंतला भयंकर लाज वाटली. घड्याळात साडेतीन, म्हणजे बाजार उठायची वेळ, होत आली होती. तो चपला घालून बाहेर पडला.

दुकानात शेटजी गिऱ्हाइकाशी बोलत होते. जयवंत थांबला नाही. “मघाशी मी सांगितलं ते खोटं आहे,” तो म्हणाला. “पाहिलं ते खरं होतं, लावलेला अर्थ खोटा.”

शेटजींनी त्याला नीट न्याहाळले. आता त्यांच्या डोळ्यांत संशय होता, आणि तो कोणाविषयी आहे हे जयवंतला कळत होते.

“जागा एकच आहे, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. ती त्यांची.”

परतताना वाट लांब वाटली. खोलीत वसुधा संगणकापुढे बसली होती. दुकानात दोनदा काय काय बोललो, ते त्याने तिला शब्दशः सांगितले आणि क्षमा मागितली. ती हसली नाही. सारे ठीक आहे असेही म्हणाली नाही. तिने खुर्ची मागे सरकवली आणि उठून त्याला जागा करून दिली.

“बाजार बंद झालाय,” ती म्हणाली. “आजचा भाव तुम्ही भरा.”

जयवंतने सूत्र काढून टाकले आणि बंद भाव हाताने लिहिला. दुपारी तांबडी दिसलेली मेणबत्ती हिरवी उमटली. दाराआडून गुरुजींनी विचारले, कशी झाली? “हिरवी,” तो म्हणाला. “दुपारी मला तांबडी दिसली होती.”

कुणाविषयी आपल्या मनात रंग भरून झाला असेल, तर घड्याळात किती वाजलेत ते एकदा पाहून घ्यावे.